दोरीच्या आतलं झाड

"ताई, काहीही झालं तरी या दोरीच्या आत कुणाचं पाऊल पडता कामा नये," धाकटी म्हणाली.

"हे तू मला सांगतेस?" मी म्हणाले. "अगं, भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डात रेंगाळणाऱ्यांना बाहेर काढण्यात माझी उभी हयात गेली. एका मंत्र्याच्या मेव्हण्याला मी फळांच्या करंडीसकट जिन्यावरून परत पाठवलंय."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला होता, आणि बोलता बोलता तिची नजर सारखी माझ्या खांद्यावरून मागे, त्या झाडाकडे जात होती.

झाड म्हणाल तर अगदीच किरकोळ. माझ्या डोक्याच्या हातभर वर गेलेलं, एका अंगाला कललेलं सफरचंदाचं झाड. खालच्या बागेत पांढऱ्या फुलांनी लगडलेले मोठाले वृक्ष ओळीने उभे होते, त्यांच्यापुढे हे कुणाच्या नजरेतही भरलं नसतं. याच्या मोजक्या फांद्यांवर मिळून ओंजळभर फुलं होती. काही नुकती उमललेली, बाकीच्या अजून गुलाबी कळ्याच. आणि या ओंजळभर फुलांवर माझ्या बहिणीची इतक्या वर्षांची मेहनत टांगलेली होती.

धाकटी या डोंगरावरच्या कृषी केंद्रात नोकरीला आहे. वर्षभर इथे कुत्रं फिरकत नाही, पण बहराचे दिवस आले की खालच्या शहरांतून गाड्यांची रांग लागते. तिकीट काढून लोक आत येतात, फुलांखाली उभे राहून फोटो काढतात, निम्मी फुलं पायदळी तुडवतात आणि घरी जातात. त्यांना ठाऊक नसतं, की एवढा बहर आला तरी दरवर्षी कुठल्या तरी पहाटे दव गोठतं आणि त्यातला मोठा भाग करपून जातो. धाकटीला असं सफरचंद हवं होतं, जे उशिरा जागं होईल. थंडीचा शेवटचा तडाखा बसून गेला, की मग फुलेल. त्यासाठी तिने दोन जातींचा संकर केला, बिया रुजवल्या आणि डोंगर कापून केलेल्या केंद्राच्या शेतांतल्या अगदी शेवटच्या, सगळ्यात वरच्या पायरीवर रोपं लावली. बीपासून वाढवलेलं सफरचंद वर्षानुवर्षं फुलतच नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. रोपांची झाडं झाली, धाकटीचे केस पिकायला लागले, पण एकाही झाडाने फूल म्हणून दाखवलं नाही.

शेवटी संचालकांचाही धीर सुटला. त्यांना ती जागा गाड्या उभ्या करायला हवी होती. माणूस वाईट नाही, पण वरून त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा एका तरी झाडाला फळ धरलं, तर मी तुमच्यासाठी वरपर्यंत भांडेन. नाही धरलं, तर पानगळ झाली की तिथे मशीन फिरेल."

आणि दोनच दिवसांपूर्वी, खालच्या बागेतला बहर ओसरायला लागल्यावर, हे एक झाड जागं झालं. धाकटीने मला फोन केला तो रडतच. मला वाटलं, कुणी गेलं की काय. मी अंगावर ओरडले, "आधी सांग, कोण?" तर ही हुंदके देत म्हणते, "ताई, कळी." मी तिला वेड्यात काढलं, मग मीही रडले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन वर आले.

बाबांना एकटं ठेवता येत नाही. ते माझ्याकडेच असतात. त्यांचं आताशा सगळं विस्कटलंय. मला ते आक्का म्हणतात, आक्का म्हणजे त्यांची बहीण, जी जाऊन जमाना झाला. धाकटीला तर ते ओळखतच नाहीत. आदल्या दिवशी दारात तिला पाहिलं आणि विचारलं, "नवीन लागलीस का गं?" ती म्हणाली, "हो." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला.

बाबा जन्मभर एका मोठ्या रोपवाटिकेत कलमं बांधायला होते. घरी आले तरी तोच नाद. आमच्या लहानपणी आईने कुंडीत काहीही लावलं, की त्याची पहिली कळी बाबा खुडून टाकायचे. "आधी त्याला अंग धरू दे, मग मिरव," असं म्हणायचे. आई चिडून म्हणायची, "या माणसाने लग्नातला हारसुद्धा आधी खुडला असता." आम्ही दोघी हसून लोळायचो. हे सगळं मला पाठ होतं आणि तरीही त्या सकाळी एकदाही आठवलं नाही. त्याचाच मला अजून संताप येतो.

धाकटीने आदल्या संध्याकाळी त्या झाडाभोवती दोरी बांधली होती. बहराच्या दिवसांत केंद्राबाहेरच्या माणसाला अशा दोरीच्या आत जाऊ द्यायचं नाही, हा तिथला पक्का नियम. पण राखणीला माणूसच नव्हता. सगळे रखवालदार फाटकावर गर्दी आवरत होते आणि धाकटीलाही खालच्या बागेत कर्णा हातात घेऊन "फांद्यांना हात लावू नका" असं ओरडत फिरायचं काम दिलेलं. दुपारी संचालक स्वतः फुलं बघायला येणार होते. त्यांना ती उघड्यावर, झाडावर बघायची होती, म्हणून भलते परागकण बसू नयेत यासाठीच्या कागदी पिशव्याही तिने अजून त्यांवर चढवल्या नव्हत्या. ते बघून गेले, की लगेच ती दुसऱ्या जातीचे परागकण ब्रशने लावणार आणि पिशव्या बांधणार, असं ठरलं होतं.

"तोवर तेवढं बसशील ना?" तिने विचारलं आणि स्वतःचा केंद्राचा तपकिरी कोट माझ्या अंगावर चढवला. बाबांना झाडाखाली एका पालथ्या खोक्यावर बसवलं. "कोट बघून लोक ऐकतील. सर येताना दिसले, की तू बाबांना घेऊन मागच्या वाटेने माझ्या खोलीवर जा. कुणाला कळलं तर माझी धडगत नाही."

"तू जा," मी म्हटलं. "इथे माशी बसली तरी मला विचारून बसेल."

सुरुवातीला बरं चाललं होतं. शेवटच्या पायरीपर्यंत चढायचा उत्साह फार थोड्यांना असतो. पण ऊन चढलं तशी खाली गर्दी वाढली आणि लोक मोकळी जागा शोधत वर यायला लागले.

आधी एक नवरा-बायको आले. ती म्हणाली, "अय्या, इथे कुणीच नाही," आणि सरळ दोरी उचलली.

"दोरी खाली," मी म्हटलं.

"एकच फोटो, मावशी."

"मावशी घरी. इथे दोरी खाली."

नवरा शहाणा होता, तिला दंडाला धरून घेऊन गेला. मग एक मोठी टोपी घातलेली बाई आली. तिने मला हुज्जत घालून समजावलं, की ती दरवर्षी येते, की तिने तिकीट काढलंय आणि निसर्ग कुणाच्या बापाचा नाही. मी म्हटलं, "निसर्ग तिकडे खाली आहे. हे सरकारी झाड आहे." ती माझं नाव विचारायला लागली. मी कोटावरचा बिल्ला हाताने झाकला आणि म्हटलं, "तक्रारपेटी फाटकापाशी."

मागून बाबांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं. ते कामात असले, की असं स्वतःशी बोलायचे. मला वाटलं, गवताशी खेळत असतील. शांत आहेत, देव पावला, म्हणून मी मागे वळून पाहिलं नाही. वॉर्डात मी पोरींना सारखं बजावत असते, की दारातल्या गर्दीशी भांडताना खाटेवरच्या पेशंटकडे पाठ करू नका. आणि मीच पाठ करून उभी होते.

तेवढ्यात ते चौघे आले. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक इसम, दोन तरुण मुली, आणि त्यांच्याबरोबर एक दांडगा भाऊ की मित्र, कोण जाणे. कॅमेरावाल्याला पाकळ्या उडताना हव्या होत्या. खाली त्यांना कुणी फांद्या हलवू देईना, म्हणून ते वर आले होते. तो दांडगा मला म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त दोन मिनिटं तिकडे बघा. झाड जरासं हलवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हलवून तर बघ," मी म्हटलं. "तुझे हात प्लास्टरमध्ये कसे दिसतात, ते मला चांगलं माहीत आहे."

तो हसला आणि दोरीवरून एक पाय आत टाकला. मी दोन्ही हातांनी त्याच्या छातीला रेटा दिला. तो कोलमडला, उठला, मुली किंचाळल्या, कॅमेरावाला माझंच चित्रण करायला लागला. खालच्या पायऱ्यांवरचे लोक माना वर करून बघायला लागले. मी मोठ्याने ओरडत होते, एवढ्या मोठ्याने, की खालून धाकटीच्या कर्ण्याचा आवाज यायचा थांबला. शेवटी कुणीतरी रखवालदाराला हाक मारली, तेव्हा ते चौघे मला नाही नाही ते बोलत खाली उतरले. मनातून मी खूश होते. दोरीच्या आत कुणी आलं नव्हतं.

मग मी मागे वळले.

बाबा खोक्यावर बसलेले नव्हते. ते झाडापाशी उभे होते, कानटोपी काढून तिचा त्यांनी द्रोण केला होता आणि द्रोणात फुलं होती. सगळी फुलं. कळ्यांसकट. झाडावर एक पानसुद्धा फाटलेलं नव्हतं, फक्त जिथे जिथे फूल होतं, तिथे हिरवा ओला देठ उरला होता. बाबांच्या अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं.

"झालं बघ, आक्का," ते म्हणाले. कपाळावर घाम होता आणि चेहरा कसा उजळलेला. "नव्या झाडावर बहर ठेवला होता कुणीतरी. मालकांनी बघितला असता तर सगळ्यांना शेकलं असतं. एक ठेवला नाही मी."

रोपवाटिकेचा तो नियमच होता. कलम लावलं, की त्याचा पहिला बहर खुडायचा, म्हणजे झाडाची ताकद फुलाफळात न जाता मुळांत जाते. मालक रोज सकाळी ओळीओळीतून फिरायचा आणि नव्या कलमावर एक जरी फूल दिसलं, तरी त्या ओळीच्या माणसाला सगळ्यांदेखत झापायचा. बाबांच्या ओळीत त्याला कधी फूल सापडलं नाही. आम्हा दोघींची नावं बाबा विसरले, आईचा चेहरा विसरले, पण हे त्यांच्या बोटांतून गेलं नव्हतं.

धाकटी धापा टाकत वर आली. "ताई, कसला आरडाओरडा? कुणी आत आलं? सर निघालेत, मागोमाग येतायत—" आणि तिला दिसलं.

ती ओरडली असती, मला दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर चाललं असतं. ती झाडापाशी गेली आणि एकेक देठ बोटाने चाचपत राहिली. प्रत्येक फांदी. मग तिने बाबांच्या हातातल्या टोपीत पाहिलं.

"एकही नाही?" तिने विचारलं. मला नाही, बाबांना.

"एकही नाही," बाबा अभिमानाने म्हणाले.

खालच्या वळणावर संचालकांची काठी दिसायला लागली होती. त्यांना चढ सोसत नसे, ते थांबत थांबत येत होते. माझं डोकं झपाट्याने चाललं.

"ऐक," मी धाकटीला म्हटलं. "लोकांनी ओरबाडली म्हणून सांगायचं. त्या दांडग्याला अख्ख्या बागेने माझ्याशी भांडताना पाहिलंय. कॅमेऱ्यात पण असेल. मी सांगते, तू फक्त गप्प राहा."

तिच्या डोळ्यांत मला दिसलं, की तीही हिशेब करतेय. "लोकांनी तोडली म्हटलं," ती हळूच म्हणाली, "तर त्यांना माझ्याकडून जागा काढून घेता येणार नाही. गर्दी तेच बोलावतात. अजून एक वर्ष द्यावं लागेल. कुंपणसुद्धा घालून द्यावं लागेल."

"मग झालं तर."

मी बाबांच्या हातातली टोपी हिसकावली आणि खोक्याखाली सरकवली. त्यांना खोक्यावर बसवलं. मागच्या वाटेने न्यायला आता वेळ नव्हता. "बाबा, तोंड उघडायचं नाही," मी दरडावलं. "एक शब्द नाही. समजलं?"

त्यांचा चेहरा एका क्षणात विझला. वॉर्डात हा चेहरा मी फार पाहिलाय, आणि बहुतेक वेळा तो माझ्याच आवाजाने झालेला असतो. त्यांनी हात मांड्यांमध्ये घातले आणि खाली बघत बसले.

संचालक वर आले. आधी त्यांनी दम घेतला, मग चष्मा पुसला, मग झाडाकडे पाहिलं. मग पुन्हा चष्मा पुसला.

"कुठायत फुलं?" त्यांनी विचारलं.

"साहेब, लोकांनी," मी म्हणाले. माझा आवाज अगदी खरा लागला, राग तर अंगात होताच. "चौघे होते. मी अडवलं, धक्काबुक्की झाली, खाली सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या त्या तिकिटवाल्या गर्दीने वाट लावली."

"तुम्ही कोण?"

"माझी बहीण," धाकटी म्हणाली. "राखणीला कुणी नव्हतं, सर."

संचालकांनी फक्त मान हलवली. ते झाडाजवळ गेले, एक देठ बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. पण राग आमच्यावर नव्हता. "मी सांगत होतो वरच्यांना," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "ही जत्रा आवरा म्हणून सांगत होतो. आता तरी ऐकतील." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "मॅडम, मला फार वाईट वाटतंय. या झाडाला पुढच्या बहरापर्यंत कुणी हात लावणार नाही, हे मी बघतो. त्या चौघांना फाटकावर थांबवा म्हणून फोन करतो."

ते खिशात फोन चाचपायला लागले. जमलं होतं. माझ्या जिवात जीव आला. मी धाकटीकडे पाहिलं, तर ती तिसरीकडेच बघत होती.

बाबांनी तिच्या सदऱ्याची बाही धरली होती. ते तिला अगदी हलक्या आवाजात विचारत होते, "पोरी, माझं काही चुकलं का गं? मालक रागावलेत. मला काढतील का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"इतकी वर्षं झाली. माझ्या ओळीत कधी फूल सापडलं नाही. तू नवीन आहेस, तुला माहीत नसेल."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. तिने खाली वाकून खोक्याखालची टोपी काढली. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, नको, नको. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. टोपी तिने बाबांच्या हातात दिली आणि त्यांना उभं केलं.

"सर, फोन करू नका," ती म्हणाली. "कुणी आत आलं नाही. फुलं यांनी खुडली. माझे वडील आहेत. त्यांना ताईसकट दोरीच्या आत मीच आणून बसवलं."

संचालकांचा हात खिशातच राहिला. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

बाबांना बाकी काही कळलं नव्हतं. फक्त आपलं काम दाखवायची वेळ आली, एवढं कळलं. ते ताठ उभे राहिले आणि टोपी दोन्ही हातांनी पुढे केली. "नव्या झाडाचा बहर, मालक," ते म्हणाले. "सगळा काढला. पान दुखावलं नाही. आता झाड अंग धरेल."

संचालकांनी टोपी हातात घेतली. न घेऊन काय करणार. एक कळी उचलून त्यांनी तिचा देठ पाहिला आणि परत आत ठेवली.

"आणि मालक," बाबा जरा जवळ सरकले, "ही नवीन पोरगी आहे ना, हिला काढू नका. चुकत असेल कधीमधी. पण हात हलका आहे हिचा. मी बघितलंय. हिला राहू द्या."

धाकटीने तोंड फिरवलं. मी नर्स आहे, मला लवकर रडू येत नाही, पण मी तिथे त्या तपकिरी कोटाच्या बाहीत नाक पुसलं.

"बरं," संचालक बाबांना म्हणाले. "ठेवतो." मग ते धाकटीकडे वळले आणि त्यांचा आवाज साहेबाचा झाला. "मॅडम, तुम्ही मगाशी गप्प राहिला असतात, तर मी डोळे मिटून भांडलो असतो. आता कशाच्या जोरावर भांडू? फळ नाही. नियम तुम्ही मोडलात. कागदावर काय लिहू मी?"

"जे झालं ते लिहा, सर."

"नोकरीला धक्का लागू देणार नाही. पण जागा जाईल."

"हो," ती म्हणाली.

ते निघाले. दोरीपाशी थांबून त्यांनी टोपी परत केली, बाबांना नाही, तिला. बाबा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत समाधानाने म्हणाले, "मालक आज खूश होते."

त्या रात्री मी धाकटीला फाडफाड बोलले. म्हटलं, इतकी वर्षं मातीत घातलीस, आणि एक शब्द गिळता आला नाही? बाबा उद्या सगळं विसरणारच होते. ती भांडी घासत होती. म्हणाली, "विसरले असते. पण भिऊन विसरले असते." मग माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाली, "पूस." मी पुसत बसले.

पानगळ झाली आणि ठरल्याप्रमाणे शेवटच्या पायरीवर मशीन आलं. धाकटीने मला आदल्या दिवशी बोलावून घेतलं होतं. तिला एकटीने ते बघवलं नसतं. संचालकही होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन इकडे तिकडे बघत सांगितलं, "झाडं काढायचा हुकूम आहे. छाटलेल्या काड्या कुठे टाकायच्या, ते कुणी लिहिलेलं नाही." एवढं बोलून ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

धाकटीने त्या झाडाच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि थंडी सरेपर्यंत जपून ठेवल्या. मग मी बाबांना घेऊन वर आले आणि तिच्या खोलीमागच्या अंगणात कुंड्यांतल्या रोपांवर बाबांनी कलमं बांधली. म्हणजे तिने चाकू त्यांच्या हातात दिला, आणि पुढचं हात आपोआप करत गेले. मध्येच ते तिला म्हणाले, "असा काप दे, पोरी, नीट बघून घे." ती नीट बघत होती. दोन कलमं मेली. एक जगलं.

आता पुन्हा बहर आहे. खालची बाग फुलून ओसरायला लागली, जिथे आमचं झाड होतं, तिथे गाड्या उभ्या आहेत, आणि या एका कुंडीतल्या कलमावर परवा कळ्या आल्या. एकच झुबका. धाकटीने ब्रशने पराग लावलेत, पिशवी बांधलीय. पण बाबा ती पिशवी सोडतात. सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांचं लक्ष त्या कुंडीवर. कुंडी घरात ठेवली तर फूल गळेल, बाबांना घरात ठेवलं तर ते दाराशी उभे राहून "मालक येतील" म्हणून कासावीस होतात.

म्हणून बाबांना घेऊन आलेली मी रजा वाढवून इथेच राहिले आहे. आम्ही दोघी आळीपाळीने अंगणात त्यांच्याजवळ बसतो आणि त्यांचा उजवा हात आपल्या हातात धरून ठेवतो. सोडला, की तो कुंडीकडे जातो. मी धरला, की बाबा थोड्या वेळाने कंटाळून मला म्हणतात, "आक्का, सोड की आता, कामं पडलीत." धाकटीने धरला, की मात्र ते मुकाट बसतात.

आज त्यांनी तिला विचारलं, "पोरी, हात का धरलायस माझा?"

"थंडी वाजतेय," ती म्हणाली.

बाबांनी दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला. "मग आधी सांगायचं नाही का," ते म्हणाले.